आधी मामा, मग बाप

राखीच्या दिवशी सेंट्रल जेलच्या बाजूने जाऊ नका, असं सौ.ने बजावलं होतं. गेलो आणि अडकलो. आमच्या रायपुरात त्या दिवशी जेलबाहेर बहिणींची भलीमोठी रांग असते, आतल्या भावांना राखी बांधायला. कोविडमध्ये बंद पडलं होतं, पुन्हा सुरू झालं, फार चांगलं झालं. रांगेतल्या एकीच्या खांद्यावर टोपडं घातलेलं तान्हं बाळ झोपलं होतं. मागच्या बाईने विचारलं, "भीतर कोन हे?" ती म्हणाली, "भाई."

म्हणजे बाळ मामाकडे निघालं होतं. त्याच भिंतीआड स्वतःचं बाळ अजून हातात न घेतलेले बापही असणार. त्यांचा सण कुठला?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने उपाध्याय खटल्यात सांगितलं, की आई तुरुंगात असेल तर मूल 6 वर्षांचं होईपर्यंत तिच्यापाशी राहू शकतं. बापाच्या वाट्याला मुलाकात. महाराष्ट्राने 'गळाभेट' सुरू केली, त्यात शिक्षा झालेल्या बंद्यांना 16 वर्षांखालच्या मुलांना जाळीशिवाय जवळ घेता येतं. बायकोच्या बाळंतपणासाठी पॅरोलही तिथल्या नियमांत आहे. पण पॅरोल शिक्षा झालेल्यांना. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले, आणि त्यातले जवळपास निम्मे 18 ते 30 वयाचे, म्हणजे नेमके पोरं होण्याच्या वयातले. त्यांनी कोर्टात अंतरिम जामीन मागायचा. तारीख लागेपर्यंत पोरगं रांगायला लागतं.

हे सगळं मी तावातावाने घरी सांगितलं. सौ. शेंगा सोलत होती. म्हणाली, "आणि तुम्ही कोणत्या जेलात होता?"

तिचा मुद्दा असा, की आमचे चिरंजीव अमरावतीला आजोळी जन्मले तेव्हा मी रायपुरात मोकळा हिंडत होतो. गेलो तो थेट बारशाला, डिंक-खारकेची पिशवी घेऊन. तोवर आमचे मेव्हणे तरबेज झाले होते. बाळाची मान कोपराच्या खोबणीत बसवून दुसऱ्या हाताने चहा पीत होते. बाळाने त्यांचे दोन शर्ट भिजवले होते आणि ते शर्ट ते पाहुण्यांना पदकासारखे दाखवत होते. मग बाळ माझ्याकडे आलं. "मान धरा, मान!" चारही बाजूंनी बायका ओरडल्या. मी मान धरली, बाळाने भोकाड पसरलं, आणि माझी मुलाकात संपली. सव्वा महिन्याने मायलेक घरी आले, तरी बाळ माझ्याकडे वीजबिल तपासायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत होतं. मेव्हणे अजूनही लग्नाकार्यांत सांगतात, "याला पहिला ढेकर मी काढायला लावला." आणि याची सोय कुणी केली? माहेरच्या बाळंतपणाच्या रीतीने.

हल्ली म्हणे बदललं आहे. केंद्र सरकारच्या नोकरांना पितृत्व रजा 15 दिवस. आमच्या चौबे कॉलनीतल्या एका तरुणाने ती घेतली. बायको माहेरी दुर्गला, इकडे याने स्वयंपाकघराचा ओटा बदलून घेतला. अमेरिकेत सुधारगृहातल्या पोरसवदा बापांसाठी 'बेबी एल्मो' नावाचा कार्यक्रम आहे. बाळाशी कसं बोलावं, कसं खेळावं, हे आधी चित्रफितीत दाखवतात, मग बाळाला समोर आणून बसवतात. ओटेवाल्याला तिथे पाठवायला हवं. मलाही पाठवायला हवं होतं, असं सौ. म्हणते, पण तो विषय वेगळा.

माझी सूचना साधी आहे. राखीनंतर पंधरवड्याने पोळा, दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेतलेल्या पोरांचा तान्हा पोळा. नागपूरच्या भोसल्यांनी सुरू केलेला. त्याच भोसल्यांच्या मागोमाग आमचे पूर्वज रायपूरच्या तात्यापाऱ्यात आले, तेव्हा आम्हालाही त्यावर थोडा हक्क आहे. राखीला दार उघडतं, झडती होते, बंदोबस्त लागतो, हे जेलच्या लोकांना सवयीचं झालं आहे. तान्ह्या पोळ्याला तेच दार बापांसाठी तासभर उघडावं. सतरंजी टाकावी, जाळी नको. मान कशी धरायची ते सांगायला एखादी अनुभवी बाई ठेवावी.

सौ.ने विचारलं, "आणि लाकडी बैल कोण आणणार?"

तो मामाने आणावा. तेवढं मी सोडतो.