गाणं हॉलमध्ये, आपण ओट्यापाशी

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात वस्तू येतात. मिक्सर येतो, वॉशिंग मशीन येतं, टीव्ही आणखी चार इंचांनी मोठा होऊन येतो. यातली प्रत्येक वस्तू ‘गरजेची’ असते. निदान तसं म्हणून तरी ती घेतली जाते. पण गाणी ऐकायला काहीतरी धड घेऊ या, असा विषय निघाला की घरातली बाईच सगळ्यांच्या आधी म्हणते, ‘कशाला उगाच चैन? मोबाइलवर ऐकू येतंय की!’

ऐकू येतं, खरंय. पण काय ऐकू येतं? मोबाइलमधला स्पीकर नखाएवढा. त्यातून तबल्याचा डग्गा येतच नाही आणि तानपुरा येतो तो डबीत कोंडलेल्या माशीसारखा. आवाज वाढवावा तर तो चिरका होतो. त्यात कुकरच्या शिट्ट्या, एक्झॉस्ट फॅन आणि तुम्ही आमच्यासारख्या ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहत असाल तर खालून जाणारे कंटेनर. न्हावा-शेवा बंदराकडून गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं याच रस्त्याने जातात. त्यात मेट्रोच्या कामाची कित्येक वर्षांची खडखड वेगळीच. वाघबीळ, कासारवडवलीकडच्या एखाद्या इमारतीत खिडकी उघडी ठेवून मोबाइलवर भावगीत लावून बघा. शब्द कळतात तेवढेच. गाणं कुठलं!

आपल्या आई-आज्यांना यापेक्षा बरं ऐकायला मिळायचं, असं म्हटलं तर हसू नका. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे शेजारपाजार जमायचा. वर्षभर, दर आठवड्याला माणसं ठरल्या वेळी येऊन बसायची आणि गाणं ऐकायची. ऐकताना दुसरं काही करायची नाहीत. १९५७मध्ये ‘विविध भारती’ आली, पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि गाणं स्वयंपाकघरातल्या फळीवर येऊन बसलं. कितीतरी बायकांना त्या ट्रान्झिस्टरने जन्मभर सोबत केली. मात्र त्याच सुमारास एक गोष्ट हळूच पक्की झाली, की बाईने गाणं ऐकायचं ते हात कामात ठेवून. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, इस्त्री करताना. ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या, टू-इन-वन आले, पुढे म्युझिक सिस्टीम आली. ती मात्र हॉलच्या शोकेसमध्ये जाऊन बसली आणि तिची बटणं कोणी दाबायची हेही ठरून गेलं. आपल्याकडे तिच्यावरची धूळ पुसायचं काम आलं.

आता कॅसेट गेल्या, सीडीही गेल्यात जमा आहेत. मुंबईतल्या काळाघोडा भागातलं ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ साली बंद झालं, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. पण एक फायदाही झाला, बरं का. गाण्यांवर वेगळा खर्च करावा लागत नाही, ती फोनमध्ये आहेतच. म्हणजे ऐपतीप्रमाणे जे काही पैसे घालायचे ते नुसत्या आवाजावर घालता येतात.

त्यासाठी ‘स्टिरिओ’ म्हणजे काय, एवढं समजून घ्यायला हवं. स्टिरिओ म्हणजे मोठा आवाज नव्हे. आपल्याला दोन कान आहेत म्हणून दोन स्पीकर, एवढाच त्याचा अर्थ. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोघांत पाच-सहा फुटांचं अंतर आणि समोर तेवढ्याच अंतरावर ऐकणारी व्यक्ती. तीन पाटांचा त्रिकोण मांडल्यासारखी रचना. ती जमली की गाणारीचा आवाज दोन्ही खोक्यांतून येत नाही, तो बरोबर मधल्या रिकाम्या जागेतून येतो. जणू तिथे कोणी बसून गातंय. जुनी मोनो गाणी, म्हणजे १९५०च्या दशकातली लताबाईंची कुठलीही, या परीक्षेला फार चांगली. आवाज मधोमध आला तर मांडणी बरोबर. एका बाजूला कलला तर स्पीकर थोडे हलवायचे.

यात एक मेख आहे. त्रिकोणाचं तिसरं टोक म्हणजे एक खुर्ची. स्टिरिओ ऐकायचा तर तिथे बसावं लागतं. ओट्यापाशी उभं राहून तो ऐकता येत नाही. तिथून ऐकायला ट्रान्झिस्टरच बरा. माझं सरळ म्हणणं आहे की घरात नवी सिस्टीम घेताना पहिला प्रश्न वॅटचा नाही, ब्रँडचा नाही. त्या खुर्चीत दिवसातून अर्धा तास तुम्ही बसणार आहात का, हा पहिला प्रश्न. उत्तर ‘छे, मला कुठे वेळ’ असं असेल तर खुशाल पैसे वाचवा. शोकेसमध्ये पुसायला आणखी एक वस्तू कशाला?

उत्तर ‘हो’ असेल तर पुढे वाचा.

समजा भिशीचे किंवा साठवलेले दहा हजार रुपये हाताशी आहेत. यातले सहा-सात हजार स्पीकरवर घाला. दोन-अडीच हजारांत हल्ली तळहातावर मावेल असा छोटा ॲम्प्लिफायर मिळतो, ब्लूटूथसकट. त्याचा अडॅप्टर सोबत येतो की वेगळा घ्यायचा, हे मात्र विचारा, कारण पुष्कळदा तो वेगळा असतो आणि कमी ताकदीचा गळ्यात मारला की डबीवर लिहिलेल्या वॅटला काही अर्थ राहत नाही. उरलेल्या पैशांत वायर आणि दोन स्टुलं. एवढी सगळी जोडाजोडी नको असेल तर ॲम्प्लिफायर आतच बसवलेली स्पीकरची जोडीही मिळते. तीही चालेल. फक्त दोन वेगळी खोकी हवीत, एक लांबट पट्टी नको. टीव्हीखाली ठेवायच्या त्या साउंडबारवर सिनेमातले संवाद स्वच्छ ऐकू येतात, पण डावं-उजवं अंतरच नसल्यामुळे गाणं एका जागी गोळा होतं. २०१७मध्ये आलेल्या, पाच हजार गाणी भरलेल्या ‘कारवां’चंही तेच. आजीला भेट द्यायला उत्तम वस्तू, बटण फिरवलं की गाणं. पण ती रेडिओची बहीण आहे, स्टिरिओची नाही. रंगीत दिवे लुकलुकणारे, चाकांवर ढकलत न्यायचे ‘पार्टी स्पीकर’ सोसायटीच्या गरब्याला ठीक आहेत. घरात नकोच.

आता वॅट. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ अशी चकचकीत चिठ्ठी असायची, आठवतंय? पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर काढलेला आकडा. तो कितीही फुगवता येतो. विचारायचं ते ‘आरएमएस’ किती, म्हणजे सतत किती ताकद मिळते. आणि तीही फार नको. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये, बोलण्याच्या आवाजाहून थोडं वर गाणं ऐकायला एक-दोन वॅटही पुरतात. मोठ्या सुरावटींसाठी थोडी शिल्लक हवी म्हणून पंधरा-वीस वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यायचा. त्यापेक्षा स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ किती डेसिबल आहे ते बघा. ८५ आणि ८८ यांत फरक तीनचाच दिसतो, पण ८८वाला स्पीकर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो. पन्नास वॅटवरून शंभर वॅटवर जायला जादा पैसे मोजले तरी वाढ होते ती त्या तीन डेसिबलचीच.

हे आकडे कशाला पाठ करायचे, असं वाटेल. त्याला कारण आहे. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण स्वतःच्या पैशांनी स्पीकर घ्यायला दुकानात गेली, तर दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, साहेबांना घेऊन या ना, त्यांना समजेल.’ साहेबांना काय समजत होतं ते तिला ठाऊक होतं! ती घरी आली, चार गोष्टी वाचल्या, विचारल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. आरएमएस किती, सेन्सिटिव्हिटी किती, किती ओहमचे, असं तिने विचारलं. चौथा प्रश्न येण्याआधीच खुर्ची पुढे आली. मग तिने आपल्या फोनमधलं, स्वतःला तोंडपाठ असलेलं गाणं लावायला सांगितलं. दुकानातली गाणी ऐकून स्पीकर घेऊ नका. ती निवडलेलीच अशी असतात की काहीही दणदणीत वाटावं. आपलं गाणं लावा. गायिकेचा श्वास ऐकू येतो का, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का, तबल्याची चाट आणि डग्ग्यावरची घुमार वेगळी कळते की सगळी एकच ढबढब होते, हे आपल्याला दुकानदारापेक्षा जास्त कळतं. वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं ना!

ठाण्याहून जायची तयारी असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार आहे. सुट्या भागांपासून सगळं तिथे मिळतं. पण लहान गावात राहणाऱ्या मैत्रिणींकडे त्याहून मोठी सोय असते, ती म्हणजे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूस. कारण पुष्कळ घरांत माळ्यावर एक म्युझिक सिस्टीम पडलेली असते. कॅसेटचं बटण दाबलं जात नाही म्हणून तिला अडगळीत टाकलेलं असतं. तिचे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बहुतेक वेळा ठणठणीत असतात! आधी ती खाली काढा. स्पीकरची जाळी काढून पडद्याभोवतीची किनार बघा. ती फोमची असेल तर वीस-पंचवीस वर्षांत भुसा होऊन पडलेली असते, पण तेवढी किनार नवी बसवून मिळते. रबराची किंवा कापडाची असेल तर तसं काही करावं लागत नाही. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर आत स्प्रे मारून साफ होते. मात्र खोलून बघायचं काम जाणत्या माणसाचंच, कारण आत वीज साठून राहते. मग मागे ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ लिहिलेल्या भोकांत वायर घालून फोन जोडायचा. ‘फोनो’ लिहिलेल्या जागी नको, ती रेकॉर्ड प्लेअरची, तिथे आवाज फाटतो. दहा हजारांचं काम असं हजार-पंधराशेत होऊ शकतं.

फोन जोडायचा तर आपला रोजचा नको. मालकंसाने जरा कुठे रंग धरला की बँकेचा फोन येतो, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाणी येणार नाही’. मुलांनी नवा फोन घेतल्यावर ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन, सिम काढून, घरच्या वायफायवर लावा. त्यावर फक्त गाणी.

वायरसाठी महागड्या पाकिटांच्या नादी लागू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळणारी दोन पदरी तांब्याची वायर घ्या, एक चौरस मिलिमीटर जाडीची. पदर ओळखता येतील अशी, कारण लाल टोक लालला आणि काळं काळ्याला जायला हवं. एका स्पीकरला उलटं लागलं तर मोडत काही नाही, पण खर्जाचा आवाज नाहीसा होतो आणि मधोमध येणारी गायिका कुठेतरी विरून जाते. नवीन सिस्टीम ‘बसकी’ वाटते अशी तक्रार असली तर आधी हे तपासा.

सगळ्यात स्वस्त सुधारणा मात्र खोलीतच होते, पण तिच्याकडे कोणी बघत नाही. आपल्या नव्या इमारतींत खाली गुळगुळीत टाइल्स, चारही बाजूंना कोऱ्या भिंती. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टाळीला शेपूट ऐकू आलं तर दोन लाखांची सिस्टीमही तिथे कर्कश वाजेल. सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा, भिंतीला पुस्तकांचं कपाट ठेवा. सोफ्यावर गोधडी टाकली तरी फरक पडतो. रस्त्याकडच्या खिडकीला जाड पडदा लावला की काचेवरून परतणारा आवाज शोषला जातो. कंटेनरची घरघर मात्र त्याने थांबत नाही, त्यासाठी खिडकी घट्ट बंदच करावी लागते. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका, कोपऱ्यातही सरकवू नका, नाहीतर डग्गा घुमायला लागतो. भिंतीपासून वीतभर पुढे, स्टुलावर, बसल्यावर वरचा छोटा गोल आपल्या कानाच्या उंचीला येईल असे ठेवा. खाली जुन्या रबरी चपलेचे चार-चार तुकडे. हसण्यासारखं आहे, पण स्टुलाची थरथर त्याने थांबते.

शिवाय हा तुकडा शेजाऱ्यांसाठीही असतो. आपल्या भिंती सामाईक, आणि भिंतीतून पलीकडे जातो तो खर्जच. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र धरली जाते दहापासून. मुलांना आणि साहेबांना हे आधीच सांगून ठेवा. दुपारी जेवणं आटोपल्यावर, भांडी घासायच्या आधी, तो अर्धा तास तुमचा. त्या वेळी कोणी चहा मागितला तर पातेलं कुठे असतं ते त्यांना माहीत आहे.