आंतरराष्ट्रीय दर्जा आणि सोसलेचा रस्ता

‘आंतरराष्ट्रीय दर्जाची आरोग्यसेवा’ हे शब्द अर्थसंकल्पी भाषणांत आता इतके रुळले आहेत की, त्यांचा अर्थ विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. नवी इमारत, आयात यंत्रसामग्री आणि एखादे मानांकन एवढ्या भांडवलावर हा दर्जा जाहीर होतो. जगाने मान्य केलेले निकष मात्र वेगळेच काही विचारतात. कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्याच्या टी. नरसीपूर तालुक्यातील सोसले या गावाला ते लावून पाहिले, तर बंगळूर, मुंबई किंवा दिल्लीतून सहसा न दिसणारी उणीव दिसू लागते.

माध्व संप्रदायाच्या व्यासराज मठामुळे ओळखले जाणारे सोसले हे होबळीचे, म्हणजे आपल्याकडील महसुली मंडळासारख्या विभागाचे ठिकाण आहे. कावेरी-कपिला संगमालगतचा हा सुपीक टापू दुर्गम मुळीच नाही. तालुक्याच्या गावापासून म्हैसूर सुमारे 30 किलोमीटरवर आहे. सिद्धरामय्या यांना 2023 मध्ये निवडून देणारा वरुणा मतदारसंघ याच तालुक्याच्या काही भागात पसरला आहे. म्हैसुरात 1924 मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, जयदेव हृद्रोग संस्थेची शाखा आहे आणि वाचा-श्रवण क्षेत्रातील केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्थाही आहे. शिवाय म्हैसूर संस्थानाची परंपरा मोठी. पाश्चात्त्य देशांतही हा विषय वादाचा असताना, 1930 मध्ये या संस्थानाने सरकारी संततिनियमन केंद्रे उघडली. सरकारने चालवलेली जगातील ती पहिली केंद्रे मानली जातात.

अशा प्रदेशाची आकडेवारी तरी काय सांगते? एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू 70 पेक्षा कमी असावेत, हे संयुक्त राष्ट्रांचे 2030 साठीचे उद्दिष्ट आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार 2018-20 मध्ये कर्नाटकाचे प्रमाण 69 होते, महाराष्ट्राचे 33 आणि केरळचे 19. म्हणजे कर्नाटक काठावर उत्तीर्ण आणि महाराष्ट्र चांगल्या गुणांनी. परंतु राज्याची सरासरी पुण्याला आणि नंदुरबारला एकाच मापाने मोजते. कोणती बाळंतीण कोठे आणि का दगावली, हे ती सांगत नाही.

ते सांगणारे निकष दुसरे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर पाच लाख लोकसंख्येमागे तातडीची प्रसूतिसेवा देणारी किमान पाच केंद्रे हवीत आणि त्यांपैकी एकात तरी शस्त्रक्रिया व रक्त देण्याची सोय हवी. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2015 मध्ये असे उद्दिष्ट मांडले की, किमान 80 टक्के लोकांना आवश्यक शस्त्रक्रिया दोन तासांच्या अंतरात मिळावी. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव आवरला नाही, तर साधारण तेवढ्याच वेळात मृत्यू ओढवू शकतो. म्हणून सोसलेसाठी खरा प्रश्न म्हैसूरच्या रुग्णालयात किती यंत्रे आहेत हा नाही. वाटेवरच्या तालुका रुग्णालयात मध्यरात्री स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची पिशवी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर असतात का, हा आहे. यांपैकी एक जरी नसली, तरी रुग्णवाहिका पुढे म्हैसूरच्या दिशेने धावू लागते आणि घड्याळही.

देशाचे चित्र याबाबत दिलासा देत नाही. केंद्राच्याच ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार 2021-22 मध्ये ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची तूट गरजेच्या जवळपास 80 टक्के होती. मधला दुवा असा निखळला की सारा भार वरच्या रुग्णालयावर पडतो. म्हैसूरमधून 1997 मध्ये वेगळ्या झालेल्या चामराजनगर जिल्ह्यात मे 2021 मध्ये प्राणवायूच्या तुटवड्यात 24 रुग्ण दगावले. सिलिंडर म्हैसूरहून यायचे. ते वेळेवर का आले नाहीत, यावरून दोन जिल्ह्यांच्या प्रशासनांत जाहीर वाद झाला. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर 2023 च्या प्रारंभी 24 तासांत 24 मृत्यूंची नोंद झाली. त्यांत 12 नवजात अर्भके होती. अनेक रुग्ण दुरून आणि अखेरच्या अवस्थेत आले, असे तेव्हा सांगण्यात आले. तो खुलासा खरा मानला, तरी त्या रुग्णांना आधी कोठेच उपचार का मिळाले नाहीत, हा प्रश्न उरतोच.

थायलंडने हे कोडे वेगळ्या क्रमाने सोडवले. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी तेथील सरकारने शहरी रुग्णालयांवरील नवी गुंतवणूक काही वर्षे रोखून तो पैसा तालुका पातळीवरच्या रुग्णालयांकडे वळवला. नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवेचे बंधन होतेच. सर्वांसाठी आरोग्य संरक्षणाची योजना 2002 मध्ये देशभर लागू झाली, ती या पायावर.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. विमा आधी आला, रुग्णालय मागाहून येईल अशी आशा राहिली. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातील 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा कर्नाटकाने कडाडून विरोध केला. कार्ड कोणी द्यायचे यावर दोन राज्ये झगडली. ते कार्ड रात्री कोणत्या रुग्णालयात चालणार, हा मुद्दा त्या वादात मागे पडला. विम्याचा विस्तार होऊनही 2021-22 मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के रक्कम लोकांच्या खिशातून गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हे प्रमाण 15 ते 20 टक्क्यांवर आले, तरच आजारपणामुळे कुटुंबे कंगाल होणे जवळजवळ थांबते.

पैसा अजिबात नव्हता, असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली होती. अशा निधीतून इमारती उभ्या राहतात, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. भूलतज्ज्ञाच्या भरलेल्या पदाची फीत कापता येत नाही. जिल्ह्याचा आढावा घेताना किती खाटा वाढल्या याबरोबरच, शस्त्रक्रियेची गरज असलेली शेवटची बाळंतीण किती मिनिटांत शस्त्रक्रियागृहात पोहोचली, हेही विचारले जाऊ लागले, तर आंतरराष्ट्रीय दर्जा या शब्दांना काही अर्थ येईल. सोसलेला तो विचारायला हवा, तसाच धडगाव आणि किनवटलाही.