तीन दिवस, एकच शहर

पोलंडच्या तीन दिवसांच्या डिसेंबर ट्रिपसाठी मी झकास एक्सेल शीट केली होती. वॉर्सा, क्राकोव, ऑश्विट्झ, विएलिच्काची मिठाची खाण, सगळं बरोब्बर बसत होतं. बायकोने शीट पाहून एवढंच विचारलं, "सकाळी ऑश्विट्झ, दुपारी खाण आणि संध्याकाळी ख्रिसमस मार्केट? खरंच?" मी गप्प!

म्हणजे बघा, डिसेंबरात तिथे पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो. उजेड जेमतेम आठ तास. त्यात वॉर्सा-क्राकोव ट्रेनचे जाऊन-येऊन पाचेक तास कशाला घालवायचे? माझं स्पष्ट मत, एकटं क्राकोव करा. वावेलचा किल्ला, भला मोठा बाजारचौक, काझिमिएझची जुनी ज्यू वस्ती, सगळं पायी होतं.

ऑश्विट्झला जायचं तर मात्र अख्खा दिवस त्यालाच द्या. सुमारे ११ लाख माणसं तिथे मारली गेली. ते काही 'उरकायचं' ठिकाण नाही. दिवस देता येत नसेल, तर या खेपेला जाऊच नका.

असो. माझ्या शीटमध्ये ऑश्विट्झनंतरचे रकाने आता मोकळे आहेत. मुद्दाम.