इंजिनातला मळ आणि पेट्रोलचा साबण

मैत्रिणींनो, घरातली स्कूटर आता काही एकट्या यजमानांची राहिलेली नाही. मुलांना शाळेत सोडायचं, दळण आणायचं, अर्धापूरहून नोकरीसाठी रोज नांदेड गाठायचं, सारं तिच्यावरच. ती ऐन घाईत सुरूच झाली नाही की दिवस वाया, आणि मेकॅनिकचं बिल वेगळं. कारण कधी बॅटरी, कधी प्लग, तर कधी इंजिनात साचलेला मळ. ह्या तिसऱ्याचा बंदोबस्त पुष्कळसा आपल्याच हाती आहे, बरं का!

हा मळ येतो कुठून? तळणाची कढई आठवा. काठावर उडालेलं तेल पुन्हापुन्हा तापलं की आधी चिकट होतं, मग त्याचं काळं, टणक कीट बनतं. पेट्रोलचंही तसंच. ते शेकडो घटकांचं मिश्रण असतं. तापलेल्या व्हॉल्व्हवर थेंब पडला की हलका भाग उडून जातो, जड भाग मागे राहतो. त्यातले ऑलेफिन जातीचे घटक हवेतल्या ऑक्सिजनमुळे डिंकासारखे चिकट होतात. जुन्या गाडीतल्या कार्बोरेटरची बारीक भोकं आणि नव्या गाडीतल्या इंजेक्टरची तोंडं त्यानं बुजतात. मग गाडी सुरू व्हायला कुरकुरते, उभ्या जागी बंद पडते आणि पेट्रोलही जास्त पिते.

ह्यावर उपाय डिटर्जंटचा. साबणाचं एक टोक तेलकट मळाला धरतं, दुसरं पाण्यात मिसळतं, म्हणून कपडा स्वच्छ होतो. पेट्रोलमधल्या डिटर्जंटचं एक टोक मळाला धरतं आणि दुसरं पेट्रोलमध्ये विरघळतं. मळ बसू न देणं हे त्याचं मुख्य काम. अमेरिकेत १९९५ पासून गाड्यांच्या पेट्रोलमध्ये ते घालणं सक्तीचं झालं. आपल्याकडे पंपावर जे जास्त दराचं पेट्रोल मिळतं, त्यात बहुधा असं द्रव्य असतं. पण ऑक्टेनचा आकडा मोठा म्हणजे सफाई जास्त, असं समजू नका. तो आकडा इंजिनानं ठोके मारू नयेत यासाठी असतो.

आता इथेनॉलविषयी. आपल्या भागातला ऊस केवळ साखरेपुरता राहिलेला नाही. ऊस, मका, तांदूळ यांपासून बनलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि २०२५ साली देशानं २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. शिवाय ते पाणी शोषून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच असते. तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरलं म्हणून लगेच इंजिन उघडायला देऊ नका.

तर मग काय करावं?

१. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. माहेरी लांबचा मुक्काम असेल तर घरातल्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा चांगली फिरवून आणायला सांगा. पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट बसतं ना, हे पाहा.

२. पेट्रोल बाटलीत भरून घरात ठेवू नका. आगीची भीती तर आहेच, शिवाय जुन्या पेट्रोलमध्ये डिंक धरतो.

३. रॉकेलच्या भेसळीनं काजळी वाढते. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो तुमचा हक्क आहे. थेंब टाका. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं.

४. टाकीत घरचा साबण किंवा रॉकेल कधीही घालू नका. सफाईच्या औषधाची बाटली गाडीच्या पुस्तिकेत सांगितली असेल तरच, आणि तेवढ्याच मापानं वापरा.

५. एअर फिल्टर, पेट्रोलचा फिल्टर आणि इंजिन ऑइल पुस्तिकेप्रमाणे वेळच्या वेळी बदला. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर रबरी नळ्याही तपासून घ्या.

हे खर्च महिन्याच्या जमाखर्चाच्या वहीत मांडून ठेवा. बिल देताना मेकॅनिकला बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. आपण पैसे कशाचे मोजतो, हे आपल्याला कळायलाच हवं.