कापडावरच्या मेहराबी

घरात निकाह ठरला किंवा ईद तोंडावर आली की रंगरंगोटीचा विषय निघतो. त्याच्या मागोमाग पडदे, सोफ्याची कव्हरे आणि उशांचे अभ्रे येतात. अलीकडे त्यात वॉलपेपरची भर पडली आहे. दुकानदार नमुन्यांचे जाडजूड पुस्तक पुढे करतो. त्यात फुलापानांच्या जोडीला इमारतींचे नमुने असतात : घुमट, मनोरे, एकावर एक चढलेली रंगीत घरे, कुठेच न पोहोचणारे जिने, ढगांत तरंगणारे महाल. मुलांना ते पाहताक्षणी आवडतात. मोठ्यांच्या कपाळाला मात्र आठ्या पडतात. दोन खोल्यांचे घर, मोठी भिंत एकच. सुनेला तिच्यावर महालांचा कागद हवा असतो आणि सासूबाई विचारतात, "मग आम्ही नमाज कुठे पढायची?"

आमच्या मते दोघींचेही म्हणणे खरे आहे आणि दोघींचेही ऐकता येते.

पहिली गोष्ट, हे फॅड नवे नाही आणि परकेही नाही. लग्नाच्या मांडवाला आपण कनात लावतो. मोगल छावण्यांतल्या कनातींवर ओळीने मेहराबी काढलेल्या असत आणि प्रत्येक मेहराबीत एक फुललेले रोप असे. उघड्या माळावर कापड ताणले की महालाचा सज्जा उभा राही. टिपू सुलतान यांचा छापील सुती कापडाचा तंबू आजही वेल्समधील पोविस किल्ल्यात जपून ठेवलेला आहे. आणि इतके लांब तरी कशाला जायचे? आपल्या जानमाजवरची मेहराब हीदेखील कापडावरची इमारतच. हातभर जागेला ती नमाजची जागा करून टाकते.

युरोपात हीच हौस कागदावर उतरली. फ्रान्समधील रिक्सहाइम गावच्या झ्युबेर कारखान्याने १८०७ मध्ये 'हिंदुस्थान' नावाचा भिंतीचा कागद काढला. हजाराहून अधिक लाकडी ठसे वापरून तो छापला होता. त्यातली चित्रे थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी आपल्या देशात फिरून काढलेल्या चित्रांवरून घेतलेली होती. पण कागदावर कुठली इमारत कुठल्या इमारतीशेजारी येऊन बसली! शेकडो कोसांवरच्या वास्तू एकाच देखाव्यात आल्या. तो नकाशा नव्हता, दिवाणखान्यात बसून केलेली सैर होती. पुढे १९५१ मध्ये इटलीतील मिलान शहरात गिओ पोंती आणि पिएरो फोर्नासेत्ती यांनी एक उंच कपाट केले. त्याच्या दारांवर आणि खणांवर कमानी, खांब आणि दालने छापलेली होती. कपाट पाहावे तर आख्खा वाडाच समोर उभा!

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कमान किंवा जिना दिसला की नजर त्याच्या आत शिरते आणि आखूड खोली थोडी खोल वाटू लागते. लहान घराला या नमुन्यांचा खरा उपयोग हाच आहे. मात्र चारही भिंतींवर मनोरे उभे केले तर तीच खोली अंगावर येते. म्हणून एकच भिंत निवडावी आणि बाकीच्या तीन साध्या रंगाच्या ठेवाव्यात.

आता सासूबाईंचा मुद्दा. हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी एक नक्षीचा पडदा होता. त्यावरची चित्रे नमाजमध्ये सारखी समोर येतात, म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो दूर करायला सांगितल्याचे सहीह बुखारीत आले आहे. पडद्याचे कापड फाडून त्याच्या उशा केल्याचीही रिवायत आहे. घर सजवणाऱ्याला यातून सोपा मार्ग मिळतो. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. तेव्हा पश्चिमेची भिंत साधी ठेवावी आणि महालांचा कागद पूर्वेच्या भिंतीला, म्हणजे नमाजीच्या पाठीमागे लावावा. तेही जमत नसेल तर भिंतीचा नाद सोडून उशा कराव्यात. नमुना निवडताना नीट निरखूनही पाहावे. लांबून नुसती घरे दिसतात, पण खिडक्यांतून माणसे आणि छपरांवर पक्षी-प्राणी डोकावत असतात. नुसत्या वास्तूंचे नमुनेही भरपूर मिळतात.

खरेदीला निघण्यापूर्वी हिशेब करावा. वॉलपेपरचा नेहमीचा रोल साधारण २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. १० फूट रुंद आणि १० फूट उंच भिंतीला सहा पट्ट्या लागतात. नमुना साधा असेल तर एका रोलमध्ये तीन पट्ट्या निघतात आणि दोन रोल पुरतात. पण इमारतीचा नमुना दर २ फुटांनी पुन्हा येत असेल, तर खिडकीला खिडकी जुळवण्यासाठी प्रत्येक पट्टी सुमारे १२ फूट धरावी लागते. मग रोलमागे दोनच पट्ट्या निघतात आणि तीन रोल घ्यावे लागतात. हा तिसरा रोल दुकानातच हिशेबात धरलेला बरा.

लावताना पहिली पट्टी ओळंबा धरूनच लावून घ्यावी. फुलांचा वेल जरा कलला तर कळत नाही, मनोरा कलला तर आल्यागेल्याला दिसतो. भिंतीला ओल असेल, विशेषतः कोकणात, तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर दोन दिवस लावून ठेवावा. आतल्या बाजूला घाम धरला तर भिंत ओली आहे असे समजावे. अशा भिंतीवरचा कागद पावसाळ्यात सुटतो आणि मागे बुरशी धरते.

कापडाचेही असेच. भरपूर चुण्यांच्या पडद्यात घुमटाचे तुकडे होतात, त्यामुळे असे कापड सपाट पडद्याला किंवा वर गुंडाळायच्या पडद्याला घ्यावे. या छपाईला वर-खाली असते. कापड वाचवायला टेलरने तुकडे उलटसुलट कापले तर अर्ध्या उशांवर घरे डोक्यावर उभी राहतील. तेव्हा मीटरभर जास्त घ्यावे आणि कुठली बाजू वर ते खडूने दाखवून द्यावे.

उधळपट्टी करून घराला शोभा येत नाही, वर घरात कुरबूर होते ती वेगळी. म्हणून आमचे सांगणे इतकेच : आधी दोन उशा कराव्यात आणि महिनाभर बैठकीत ठेवून पाहाव्यात. महिन्यानंतरही सून आणि सासूबाई दोघींना त्या आवडत असतील, तर पूर्वेच्या भिंतीचे माप घ्यायला हरकत नाही.