आधी पिन दाबून बघा!

आपल्या सिलॅबसमध्ये कंट्रोल सिस्टिम्स नावाचा एक विषय आहे. त्यात ब्लॉक डायग्रॅम असतात, ट्रान्सफर फंक्शन असतं, रूट लोकस असतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची रडारड असते. नसते ती फक्त बिघडलेली सिस्टिम. कागदावरचे आपले सगळे कंट्रोलर कायम ठणठणीत! माझं स्पष्ट मत आहे की हा विषय बिघडलेल्या वस्तूपासून सुरू करायला हवा. उदाहरण देते. ते इथलं नाही, इंग्लंडमधलं आहे, पण चालेल.

आपल्याकडे रेडिएटर म्हणजे गाडीच्या बॉनेटखालचा. तिकडे तो घरात, बहुतेक वेळा खिडकीखाली असतो. बॉयलरचं गरम पाणी प्रत्येक खोलीतल्या पत्र्याच्या पॅनेलमधून फिरतं आणि खोली ऊबदार होते. पॅनेलच्या एका टोकाला एक जाडजूड नॉब असतो, त्यावर १ ते ५ आकडे. हाच थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसन यांनी डेन्मार्कमध्ये १९४३ साली तो शोधला. त्याला ना वीज लागते ना वायर. नॉबच्या पोटात मेण, द्रव किंवा वायू भरलेली छोटी कुपी असते. खोली तापली की आतला पदार्थ प्रसरण पावतो, खालची पिन दाबली जाते आणि पाणी कमी होतं. खोली गार झाली की कुपी आकसते आणि व्हॉल्व्हमधली स्प्रिंग पिनला परत वर ढकलते. अख्खा फीडबॅक लूप मुठीत मावतो! नागरथ-गोपालच्या पुस्तकातला प्रपोर्शनल कंट्रोलर म्हणतात तो हाच.

(जाता जाता: नॉबवरचा आकडा म्हणजे सेट पॉइंट. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. आपल्याकडे एसी १६ वर ठेवणाऱ्यांचा गैरसमज हाच. म्हणून तर जानेवारी २०२० पासून नव्या एसींना २४ अंशांचं डिफॉल्ट सेटिंग सक्तीचं झालं. रिमोट मात्र अजून आपल्याच हातात!)

आता मुद्द्याचं. माझी मामेबहीण लीड्सला भाड्याच्या घरात राहते. ऑक्टोबरात थंडी सुरू झाली आणि तिच्या आठ महिन्यांच्या बाळाच्या खोलीतला रेडिएटर गारठणठण! घरमालकाच्या एजंटने येऊन नॉब दोनदा फिरवला आणि निकाल दिला: व्हॉल्व्ह गेला, बदलावा लागेल, सिस्टिममधलं पाणी काढावं लागेल, माणूस पुढच्या आठवड्यात येईल. पुढचा आठवडा! बाळाला हे कोण सांगणार?

मी घरातला रेडिएटर आयुष्यात पाहिलेला नाही, पण फोनवरून प्रश्न तर विचारता येतात. बाकीच्या खोल्या गरम आहेत का? आहेत. म्हणजे बॉयलर आणि पंप सुटले. व्हॉल्व्हकडे येणारा पाइप? चटका बसतो. आणि पॅनेल? वरून खालपर्यंत गार. हा प्रश्न महत्त्वाचा. वरून गार, खालून गरम असतं तर आत हवा अडकली असती. खाली मधोमध गार असतं तर गंजाचा काळा गाळ साठलेला असता. सगळंच गार म्हणजे पाणी आत शिरतच नाहीये. दुसऱ्या टोकाच्या व्हॉल्व्हला कोणी हात लावला नव्हता. उरली पिन.

आणि इथेच तो एजंट चुकला. नॉब फक्त पिनला ढकलू शकतो, ओढू शकत नाही! वर यायचं काम स्प्रिंगचं. उन्हाळाभर खोली गरम, पिन दाबलेली. महिनोन् महिने तशीच राहिली की क्षार आणि गंज धरून ती जागच्या जागी बसते. मग वरून नॉब कितीही फिरवा, खाली कोणाला पत्ताच नाही.

ताईला म्हटलं, अगं, नॉब ५ वर कर आणि त्याच्या खालची रिंग हाताने सोडव. पाणी येत नाही, कारण पिनला स्वतःचं सील असतं. पिन जवळजवळ पूर्ण आत गेलेली होती. व्हॉल्व्हच्या पितळी अंगावर बाजूने लाटण्याने हलकेच चार टोले, मग नाण्याच्या कडेने पिन दाबायची आणि सोडायची. पक्कड लावून ओढायची मात्र नाही. पिन उपटून हातात आली तर मागून उकळतं पाणी! सात-आठ वेळा दाबल्यावर पिन टुणकन वर आली, आणि दहा मिनिटांत पॅनेल तापलं. पुढच्या उन्हाळ्यात नॉब ५ वरच ठेवून दे म्हणून सांगितलंय, म्हणजे पिन दबलेली राहणार नाही.

बदलणं कायम चूक असतं असं मी म्हणत नाही. कुपी गळली तर पिनला दाबणारं कोणी उरत नाही आणि रेडिएटर सतत गरम राहतो. तेव्हा नॉब बदलायचाच. पण तेवढाच, पाणी न काढता! कोणता भाग गेला हे कळलं तर बिल केवढं हेही कळतं.

आपल्याकडे याचीच दुसरी तऱ्हा आहे. गाडीच्या इंजिनातही मेणावर चालणारा थर्मोस्टॅट असतो. तो अडकला की कित्येक गॅरेजवाले म्हणतात, "काढून टाका, आपल्या हवेत लागत नाही." मग इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. तिकडे ‘बदलून टाका’, इकडे ‘काढून टाका’. का बिघडलं हे दोघेही विचारत नाहीत. आणि आपण? आपण तर व्हायवात डेफिनिशन सांगून मोकळे!

लॅबमध्ये सगळं सेट करून ठेवलेलं असतं, रीडिंग तर मागच्या वर्षीच्या जर्नलमध्येच असतात. त्यापेक्षा सरांनी एखाद्या सेटअपमध्ये मुद्दाम बिघाड करून ठेवावा आणि तो शोधायला मार्क द्यावेत. वेळ नाही, इक्विपमेंट महाग आहे, ही उत्तरं मला माहीत आहेत. गॅरेजमधून काढून टाकलेला थर्मोस्टॅट तर जवळपास फुकट मिळतो. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, शेजारी थर्मामीटर धरा, खाली गॅस लावा. उघडायचं तापमान बहुतेक वेळा त्याच्यावरच कोरलेलं असतं, बऱ्याचदा ८२ अंश. तेवढ्याला उघडला तर चांगला, पाणी उकळायला लागलं तरी बंद असेल तर अडकलेला. होस्टेलच्या मेसमध्ये रविवारी दुपारी करता येईल, फक्त मावशींना आधी विचारा.