गोल्फची हिरवळ आणि गावाचे गायरान

मुंबईतील महालक्ष्मीच्या घोडशर्यतींच्या मैदानाचा 99 वर्षांचा भाडेपट्टा 2013 च्या मे महिन्यात संपला. त्या 211 एकरांचे पुढे काय करावयाचे, हे ठरण्यास त्यानंतर 11 वर्षे लागली. 2024 मध्ये 120 एकर महापालिकेकडे सार्वजनिक उद्यानासाठी आणि उरलेले 91 एकर पुन्हा शर्यतींच्या संस्थेकडे, अशी वाटणी झाली. त्या वाटणीवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याच महानगरात गोल्फच्या खेळाखाली असलेल्या जमिनीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. घोड्यांच्या शर्यती निदान रस्त्यावरून दिसतात. गोल्फ उंच कुंपणापलीकडे खेळला जातो, आणि जे दिसत नाही त्याविषयी प्रश्नही सहसा पडत नाहीत.

प्रस्तुत लेखक मानवतसारख्या तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतो. त्याने गोल्फविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. त्याचे निमित्त असे घडले. माझा एक जुना विद्यार्थी बेलापूरच्या एका कचेरीत चांगल्या हुद्द्यावर आहे. त्याच्या वडिलांनी आमच्या मोंढ्यात कापसाच्या गाठी उचलण्यात आयुष्य घालविले. गेल्या हिवाळ्यात एका लग्नानिमित्त मुंबईस जाणे झाले, तेव्हा त्याने आग्रहाने घरी उतरवून घेतले आणि रात्री जेवताना म्हणाला, "सर, उद्या सकाळी लवकर उठा. तुम्हाला आमचे मैदान दाखवतो." 'आमचे' हा शब्द मी मनात टिपून ठेवला.

ते मैदान म्हणजे खारघरचे गोल्फ कोर्स. डोंगराच्या पायथ्याशी पसरलेले हे मैदान सिडकोने 2012 मध्ये खुले केले. क्लबाचे सभासदत्व न घेता, त्या दिवसाचे शुल्क भरून तेथे खेळता येते, हे त्याचे वैशिष्ट्य. सकाळच्या धुक्यात डोंगराची कड हळूहळू उजळत होती. ती जागा रमणीय आहे, यात शंका नाही. विद्यार्थ्याने काठी माझ्याही हाती दिली. पहिल्या तीन फटक्यांत चेंडू जागचा हलला नाही आणि चौथ्यात जो गेला तो झुडपांत. विटी-दांडूत गलीवरून विटी उडविण्याचा लहानपणीचा सराव येथे काही कामास आला नाही.

मुंबईतील अन्य मैदानांशी या मैदानाची तुलना तो मोठ्या रसाने करीत होता. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान 1927 पासूनचे, सुमारे 100 एकरांचे. तेथील जुने वृक्ष आणि जमिनीचे चढउतार खेळाडूची परीक्षा पाहतात. हाजी अलीजवळचे विलिंग्डन आखूड, परंतु अरुंद असल्याने चुकीला क्षमा करीत नाही. कुलाब्याचे युनायटेड सर्व्हिसेस क्लबचे मैदान लष्करी हद्दीत, अगदी समुद्रास लागून. तेथे खरा प्रतिस्पर्धी म्हणजे वारा. खारघरला वारा कमी, पण पावसाळ्यात डोंगराचे पाणी उतरते. जाणकार गवई दोन घराण्यांची तुलना जशी करतो, तशी ही तुलना होती. ती ऐकताना मला आनंद झाला, हे मी कबूल करतो. एका हमालाच्या मुलाने या खेळाची चव घ्यावी, यात वावगे काय आहे? 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक हिचे पदक एका फटक्याने हुकले, त्या शनिवारी पहाटे ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी पाहिली नव्हती तेही दूरदर्शन संचासमोर बसून होते. दिल्लीत इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा अली शेर 1991 मध्ये आणि पुन्हा 1993 मध्ये इंडियन ओपन जिंकला. तेव्हा खेळाशी भांडण नाही. भांडण असेल तर ते जमिनीच्या हिशेबाशी आहे.

मुंबईच्या मैदानांची तुलना आणखी एका अंगाने करता येते. ते अंग म्हणजे प्रवेशाचे. हा खेळ येथे फार जुना. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना 1842 ची, म्हणजे कलकत्त्याच्या 1829 च्या क्लबनंतर अवघ्या 13 वर्षांची. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसास मज्जाव असे. त्या अपमानास उत्तर म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी 1918 मध्ये सर्वांना खुला असा क्लब काढला. 'सर्व' या शब्दाचा अर्थ अर्थातच संस्थानिक, बॅरिस्टर आणि गिरणीमालक असा होता. वर्णाचा अडसर गेला, ऐपतीचा राहिला. त्यानंतर 94 वर्षांनी खारघरने सभासदत्वाचाही अडसर काढला. राहिला तो शुल्काचा. ही प्रगती आहेच, ती लहान म्हणता येणार नाही.

परंतु खारघरची जमीन आली कोठून? नवी मुंबईसाठी 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्या जमिनींच्या मोलासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून उगवली. संपादन होते ते 'सार्वजनिक प्रयोजना'साठी. कायद्यातील हे दोन शब्द शेतकऱ्याच्या दृष्टीने फार जड असतात, कारण त्यांच्यापुढे त्याचा 'नाही' चालत नाही. मग त्या शब्दांत गोल्फ बसतो काय, हा प्रश्न विचारणे मत्सराचे लक्षण ठरू नये. नेरूळच्या पाणथळ जागेत, जेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणखी एक गोल्फ कोर्स व त्यालगत निवासी संकुल उभारण्याचा बेत होता. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या नोव्हेंबरमध्ये त्यासाठी केलेला जमीनवापरातील बदल रद्द ठरविला. गोल्फ आणि इमारती हे दोन शब्द एकाच आराखड्यात एकत्र येतात, तेव्हा हिरवळ कोणासाठी आणि सदनिकांचा भाव कोणासाठी, हे ओळखण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता थोडे अंकगणित. वर्गात मी 'संधिव्यय' शिकवितो: एखादी वस्तू एका कामी लावली की दुसऱ्या कामी लावण्याचे जे राहून जाते, ते त्याचे खरे मूल्य. समजा, महानगरात 100 एकरांचे एक मैदान आहे. ते 43 लाख 56 हजार चौरस फूट झाले. जमिनीचा भाव उदाहरणासाठी चौरस फुटास 10 हजार रुपये धरला, तर किंमत 4,356 कोटी. त्यावर 5 टक्के दराने वर्षाचे भाडे सुमारे 218 कोटी. क्लबाचे सभासद 2,000 मानले, तर प्रत्येकाच्या वाट्यास वर्षाला 10 लाख 90 हजार रुपये येतात. मोकळ्या जागेच्या आरक्षणामुळे भाव पुष्कळ खाली येईल, हे मान्य. तो दहावा हिस्सा धरला तरी लाखाहून अधिक उरतात. कमी भाड्याने दिलेली सरकारी जमीन म्हणजे एवढे अनुदानच, फक्त ते अंदाजपत्रकात छापले जात नाही. तासिका तत्त्वावर शिकविणारे आमचे तरुण सहकारी वर्षभरात किती मिळवितात, हे आठवून पाहावे.

गर्दीचा हिशेब याहून बोलका आहे. 10 मिनिटांस चौघे याप्रमाणे सहा तास खेळाडू सोडले, तर दिवसाला 144 माणसे. दादरचे शिवाजी पार्क सुमारे 28 एकरांचे, म्हणजे आपल्या कल्पित मैदानाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. तेथे एखाद्या रविवारी क्रिकेटचे किती डाव एकमेकांत गुंतलेले असतात आणि कडेच्या कट्ट्यावर किती वृद्ध बसलेले असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको.

पाण्याविषयी मी मराठवाड्याचा म्हणून थोडे अधिक बोलेन. 100 एकर म्हणजे 40 हेक्टर. त्यातील निम्म्यावरच पाणी दिले आणि उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर लागले, तर 10 लाख लिटर होतात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी आली, तिच्या 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. म्हणजे तशा दोन गाड्या रोज. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्यास सांगितले, तेव्हा मुंबईत अनेकांना तो अतिरेक वाटला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे आवर्तन कधी सुटेल, याची वाट पाहात ज्याच्या उसाची पाने वाळली आहेत, त्याला तो वाटला नाही. अर्थात मुंबईचे पाणी वाचविल्याने ते मानवतला येत नाही. वैतरणा आणि गोदावरी यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. भावनेच्या भरात हा भूगोल विसरणे बरे नव्हे. परंतु त्या पाण्याचा तौलनिक भाव लागलाच पाहिजे. माणशी 135 लिटर या नागरी प्रमाणाने 10 लाख लिटरांत 7,400 माणसांची रोजची गरज भागते. सांडपाणी शुद्ध करून ते हिरवळीस देणे हा यावरील साधा मार्ग आहे, आणि तो सक्तीचा करण्यात अडचण खर्चाची आहे, तंत्राची नाही.

यावर कोणी म्हणेल, मग ही मैदाने मोडूनच टाका. पूर्वेकडील काही देशांनी त्या दिशेने पावले टाकली आहेत. चीनने 2004 मध्ये नव्या गोल्फ मैदानांवर बंदी घातली आणि 2017 मध्ये 111 मैदाने बंद केल्याचे जाहीर केले. हाँगकाँगने 2023 च्या सप्टेंबरमध्ये फॅनलिंगच्या मैदानातील 32 हेक्टर परत घेतले. सिंगापूरने मरिना बे येथील मैदान 2024 च्या जूनअखेर बंद केले. दुर्दैव असे की क्लबाचा सभासद नसलेल्या सामान्य खेळाडूला 18 भोकांचे तेवढे एकच मैदान उपलब्ध होते.

मला हा मार्ग मुंबईसाठी धोक्याचा वाटतो, आणि त्याचे कारण गिरण्यांच्या जमिनी हे आहे. 1991 च्या नियमाने त्या सुमारे 600 एकरांचे तीन वाटे ठरविले होते: एक मोकळ्या जागेचा, एक सार्वजनिक गृहनिर्माणाचा, एक मालकाचा. 2001 मध्ये नियमातील शब्द असे बदलले की वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्याची उरली. सर्वोच्च न्यायालयानेही 2006 मध्ये तो बदल वैध ठरविला. ज्या ठिकाणी कामगारांच्या मुलांची मैदाने व्हावयाची, तेथे आज काचेचे मनोरे आहेत. ज्या शहरात माणशी जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर मोकळी जागा उरली आहे, तेथे गोल्फची जमीन 'गरिबांसाठी' म्हणून सुटली, तर ती गरिबांपर्यंत पोहोचेल यावर माझा विश्वास नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी जे पाणी जमिनीत मुरले, ते अशा उघड्या मातीतूनच मुरले. गवत, मग ते कोणाचेही असो, सिमेंटपेक्षा बरे.

मोडून टाकणे आणि कुंपण तसेच ठेवणे, या दोहोंमध्ये एक तिसरी वाट आहे. ती खुद्द गोल्फच्या जन्मगावानेच दाखविली आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ओल्ड कोर्स ही जगभरच्या खेळाडूंची पंढरी. पण ते मैदान कोणा क्लबाच्या मालकीचे नाही. ती गावाची सामाईक जमीन आहे. 1552 च्या एका सनदेत गावकऱ्यांचा तेथील हक्क मान्य केलेला आहे, आणि 1974 च्या कायद्याने नेमलेला न्यास तिचा कारभार पाहतो. रविवारी तेथे एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातील माणसे मुलांना, कुत्र्यांना घेऊन त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर फिरावयास जातात. आपल्या भाषेत सांगायचे तर ते सेंट अँड्र्यूजचे गायरान आहे. इंग्रजांनी हा खेळ आपल्याकडे आणला तेव्हा काठी आणली, चेंडू आणला, क्लब आणला. गायरान मात्र तेथेच ठेवून आले.

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना गायरानाची कथा परिचयाची आहे. गावोगाव ते कसे आटत गेले, कोणी कोठवर नांगर घातला, हे सर्वांना ठाऊक असते आणि ग्रामसभेत कोणी बोलत नाही. 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्या निर्देशांचा रोख खेड्यांवर होता. शहरातील सामाईक जमिनीला मात्र आपण 'क्लब' हे प्रतिष्ठित नाव देतो.

खारघर ही सार्वजनिक संस्थेची निर्मिती आहे, म्हणून प्रारंभ तेथूनच व्हावा. आठवड्यातून एक दिवस मैदान चालणाऱ्यांसाठी खुले ठेवणे, महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांना काही वेळा शुल्काविना देणे, आणि ज्या गावांच्या जमिनी गेल्या तेथील व डोंगरातील पाड्यांवरील मुलांना शिकविण्याची सोय करणे, यांपैकी कशासही नवा कायदा लागत नाही. सरकारी जमिनीवरील जुन्या क्लबांचे भाडेपट्टे जेव्हा नूतनीकरणास येतील, तेव्हा भाड्याचा आकडा आणि लोकांना खुले राहण्याचे तास या दोन्ही गोष्टी करारातच लिहिल्या जाव्यात, आणि तो करार वाचावयास मिळावा. महालक्ष्मीला 11 वर्षे लागली, कारण पट्टा संपेपर्यंत कोणी विचारच केला नव्हता.

परतताना कुंपणाशी, रस्त्याच्या बाजूने, चार-पाच मुले उभी होती. बाहेर पडलेले चेंडू ती गोळा करून विकतात, असे विद्यार्थ्याने सांगितले. त्यांपैकी एकाने वाकड्या फांदीची काठी करून एक चेंडू इतक्या सफाईने उडविला की आम्ही दोघेही थांबलो. "सर, याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे," माझा विद्यार्थी म्हणाला. मी त्याला विचारले की तो मुलगा आत कधी येऊ शकेल. त्याने थोडा विचार केला आणि कॅडी म्हणून येऊ शकेल, असे उत्तर दिले.